मुक्या कुशीचा घडा

नवागाम या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतील त्या चिंचोळ्या गल्लीत गुरुवारी पाऊल ठेवावयास जागा नसे. गर्भनाथ महाराज आलेले असत! निपुत्रिक स्त्रीच्या पोटावर ते मातीचे मडके ठेवीत, मंतरलेले पाणी आत ओतीत आणि काय नवल! मडके सूंऽ सूंऽ करी, तापून ऊन होई.

"बोलली! कूस बोलली!" महाराज गर्जत. "नऊ महिन्यांनी पेढे आणा. तुम्ही विसराल, मडके विसरणार नाही!"

रंजनाचे मडके मात्र चार गुरुवार मुकेच राहिले. तेव्हापासून तिला डोहाळजेवणाची बोलावणी बंद झाली. नळावर ती आली की बायका हंडे उचलून बाजूस होत. सासू प्रमिलाबाईंनी निक्षून सांगितले होते, "तुनी कूस मुकी शे. या गुरुवारले बोलनी नही तं गावले जाय. योगराजनं दुसरं लगीन लावसू." नवरा योगराज खाली मान घालून जेवत राहिला होता.

पाचव्या गुरुवारी शेजारच्या पूजाचे मडके खदखदले, रंजनाचे गप्पच. मडके बाजूला ठेवून सारी गर्दी पूजाभोवती लोटली. एकटी उरलेल्या रंजनाने सहज वाकून दोन्ही मडक्यांत डोकावून वास घेतला आणि ती चमकली. माहेरी दिवाळीपूर्वी भिंती रंगवताना वडील कळीचा चुना भिजवीत, तेव्हा पिंप असेच उकळे! पूजाच्या मडक्यात ताज्या चुन्याचे खडे फुटले होते. रंजनाच्या मडक्यात जुने, विझलेले पीठ होते.

तिने महाराजांच्या झोळीतून एक खडा उचलला, आपल्या मडक्यात टाकला, मडके दगडी ओट्यावर ठेवले आणि नळाचे पाणी ओतले. सूंऽऽ!

"अगं बाई, ओट्याले दिन गयात!" कोणीतरी ओरडले. एकच हशा पिकला.

पूजा ओशाळून म्हणाली, "मला दुसरा महिना आहे. महाराजांची सेविका सगळ्यांना आधी विचारते, तिला मी सांगितलं होतं."

"घोर कलियुग!" असे पुटपुटत महाराजांनी झोळी आवळली आणि रिक्षा गाठली.

हसून झाल्यावर लोक पांगले. प्रमिलाबाई मात्र म्हणाल्या, "चुना ऱ्हावो का राख. पोर कोठे शे?"

याचे उत्तर शोधण्यासाठी रंजना योगराजला जवळच्या उधन्याच्या डॉक्टर जयश्रीबाईंकडे घेऊन गेली. मडक्याची सारी हकीकत तिने त्यांना सांगितली. दोन महिने उभयतांच्या तपासण्या चालल्या.

"ताई, बीजाची हाक असते, पण ती कानांना ऐकू येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी प्रोजेस्टेरॉन नावाचे रसायन सोडतात. ते पोहोचले की शुक्राणूच्या शेपटीतील सूक्ष्म दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि शेपूट जोराने फटकारे मारू लागते. तेव्हा कोठे तो बीजाच्या आवरणातून आत जातो. तुमच्यात दोष आढळला नाही. योगराजभाऊ, तुमच्या शुक्राणूंची ती दारे उघडत नाहीत. हे जन्मापासूनचे आहे. यात गुन्हा कोणाचाच नाही. प्रयोगशाळेत शुक्राणू थेट बीजात सोडता येतो. पण खात्री मी देणार नाही. खात्री देणारे तुम्ही पाहिलेतच."

परतीच्या वाटेवर योगराजने अहवालाची घडी घालून ती खिशात खोल कोंबली. त्याने हे घरी सांगितले नाही, तर उद्याची गावाकडची गाडी आपलीच, हे रंजनाला कळून चुकले.

घराच्या उंबऱ्यात तो थांबला. यंत्रमागाच्या खडखडाटात ओरडून बोलण्याची त्याला सवय. अख्ख्या गल्लीने ऐकले.

"माय, दोष मन्हा शे! रंजना कोठे बी जाणार नही!"

नळावरच्या बायकांनी शरमेने माना खाली घातल्या. रंजनाशी बोलावयास त्या संध्याकाळीही कोणी आले नाही.

सुज्ञ वाचकहो, मूल होत नसेल तर दोघांनी मिळून दवाखान्याची पायरी चढावी. आणि कारण कळण्याआधी एकटीला दोषी ठरवून तिच्याशी बोलणे टाकू नये. इतके करावयास फार मोठे शिक्षण लागत नाही.