मधल्या थरातली डाळ

ऐकताय ना? मी परखी बोलतेय. पोत्यात खुपसून मूठभर माल बाहेर काढायची लोखंडी नळी. गौलीगुड्याच्या एका लोहारानं मला घडवलं आणि हिम्मतरावांच्या डाळीच्या गोदामात मी आले. त्याला आता तीस वर्षं झाली.

हिम्मतराव मला पोत्यात घालत, दाणा दाताखाली धरत. कट् वाजला की माल पास. मग मी पाडलेलं भोक अंगठ्यानं चोळून बुजवत, जसं काही पोत्याला दुखलंच असेल.

फक्त उदगीरच्या गिरणीवाल्या यशवंतांचा माल आला, की मला पोत्यांच्या बाहेरच्याच रांगेला लावत. जुन्या माणसाच्या मालात आत परखी घालायची नाही, अशी रीत. घातली तर त्याला तोंडावर चोर म्हटल्यासारखं.

त्या रीतीनंच घात केला. तारनाक्याच्या होस्टेलच्या भारतीबाई एक दिवस कुबट डाळ घेऊन आल्या. "हिम्मतराव, तुमचा हात लागलेली ना ही?" म्हाताऱ्यानं मान खाली घातली. माल कुणाचा, ते मात्र सांगितलं नाही.

मग मुलानं, कुलदीपनं, नवी तऱ्हा आणली. पोत्यापोत्याला चिठ्ठी, गिरणीतच ओल मोजायचं यंत्र. माल निघायच्या आधीच इथं मोबाईलवर ओल्याला लाल, कोरड्याला हिरवं. लाल दिसलं की दुसऱ्या गिरणीची गाडी निघालीच. खोटं कशाला बोलू, पुरात चार दिवस रस्ता बंद होता, तरी आमची डाळ घेणारं एकही दुकान रिकामं राहिलं नाही. मोबाईलनंच दुसरी वाट शोधली. हिम्मतराव खुर्चीवर बसून बघत राहिले. मी खिळ्यावर.

एका दुपारी यशवंत स्वतःच गाडी घेऊन आले. मोबाईलवर लाल होतं, तरी.

"दादा, यंत्राला काय कळतंय? तुम्ही परखी लावा. तुम्ही नाही म्हणालात, तर परत नेतो."

"हौ काका," कुलदीप म्हणाला, "बाबा म्हणतील तसं. माझा मोबाईल खिशात."

हिम्मतरावांनी मला काढलं. बाहेरच्या रांगेपाशी गेले, थांबले. मग धोतर सावरून पोत्यांवर चढले.

"तिथं नक्को, दादा!"

त्यांनी मला मधल्या थरात घातलं. डाळ माझ्या नळीला चिकटून आली. दाताखाली धरली, ती वाजलीच नाही.

"यशवंता, ओली आहे रे."

"तीस वर्षांत आत कधी घातली नव्हती तुम्ही."

"घालायला हवी होती. तेव्हाच सांगितलं असतं, तर तू गोदामाचं छप्पर तरी नीट केलं असतंस. माझी चूक आहे ही."

यशवंतांनी चहासुद्धा घेतला नाही. गाडी भरलेली आली, भरलेलीच गेली.

त्या दिवसापासून हिम्मतराव गोदामात येत नाहीत. दिलसुखनगरच्या घरी बसून उदगीरला फोन लावतात, असं कुलदीप कुणाला तरी सांगत होता. तिकडून कुणी उचलत नाही.

माझ्या नळीला आता गंज धरलाय. त्याचं मला काही नाही. आमच्यापेक्षा यंत्र खरं बोलतं, तेही कबूल. पण बाबांनो, तुमच्यापैकी कुणी उदगीरकडे जात असाल, तर यशवंतांना माझा निरोप द्या. म्हणावं, माल नका पाठवू. फोन तेवढा उचला.