खालच्या मजल्यावरची नऊ इंची भिंत

मे महिन्यात लाकूड आक्रसतं. भोपाळच्या उन्हात तर दाराला बोटभर फट पडते. तरीही बुधवारी माझ्या न्हाणीघराचं दार चौकटीत अडकलं, तेव्हाच मी ओळखलं, दार फुगलेलं नाही, चौकट खाली दबली आहे. खाली विश्वासभाऊजी चार दिवस भिंत फोडताहेत, त्याचाच हा प्रताप.

भोपाळच्या कोटरा वस्तीतलं हे घर दोघा भावांनी मिळून बांधलं. वरचा मजला आमचा, खालचा धाकट्याचा. हे गेल्यापासून वर मी एकटी. मुलाच्या, गौरांगच्या साखरपुड्यासाठी भाऊजींना खाली मोठा हॉल हवा होता.

मी तरातरा खाली उतरले. मधल्या भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

"भाऊजी, ही नऊ इंची भिंत आहे. माझा स्लॅब हिच्यावर बसलाय. फोडलीत तर मी खाली येईन."

"वहिनी, ऑफिसात नकाशे गिरवून कोणी इंजिनिअर होत नाही."

तीस वर्षं मी सरकारी कचेरीत इमारतींचे नकाशे काढले. भाऊजींनी कारखान्यात विजेच्या मोटरींना तारा गुंडाळल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला!

"चलो मिस्त्रीजी, चालू करो," भाऊजी म्हणाले. मिस्त्री हातोडा घेऊन घुटमळला. माझं डोकं सणकलं.

"एवढी खात्री आहे ना? मग तुमच्या गौरांगला या भगदाडात उभा करा, आणि मग मारा घाव."

"गौरांग, ये रे इकडे," भाऊजी हसत म्हणाले. तो मोबाइल बघत बघत येऊन उभाही राहिला.

त्याची आई, वंदना, स्वयंपाकघरातून धावत आली. ओल्या हातांनीच तिने त्याला खेचलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? मिस्त्री पहिल्याच दिवशी म्हणाला होता ना, टेकू लावल्याशिवाय वरचा स्लॅब राहणार नाही म्हणून!"

मी मिस्त्रीकडे पाहिलं.

"मैंने तो बोला था, माताजी," तो खाली बघत म्हणाला. "साहब बोले, रहने दो, ऊपर एक ही जन रहती हैं."

चार दिवस या दोघांना ठाऊक होतं. आणि चार दिवस हीच वंदना जिन्यात हसून विचारत होती, चहा झाला का. इतका संताप मला जन्मात कधी आला नव्हता.

मी खुर्ची ओढली आणि उरलेल्या भिंतीला पाठ लावून बसले.

"टेकू लागेपर्यंत मी इथून हलणार नाही. भाऊजी, तुम्हाला जागा कमी पडत असेल तर वर जाऊन झोपा. माझा पलंग मोकळाच आहे."