उठण्याआधी मला आडवं घाला

मी एक जुना आडाळा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी काही जण मला विळी म्हणतील. म्हणा बापडे, पण मालवणच्या बाजूला मला आडाळोच म्हणतात आणि मला तेच आवडतं. खाली फणसाच्या लाकडाचा पाट, पुढे मान वाकवलेलं लोखंडी पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायचे दात, असं माझं रूप आहे. पाटावर बसायचं, पाय सांभाळायचा आणि दोन्ही हातांनी काम करायचं. सुरी एका हाताची असते. मला दोन हात लागतात आणि बसायला माणूस लागतो. उभ्या उभ्या माझ्याशी कोणाचं जमत नाही.

एका लोहाराने मला सुगंधाच्या, म्हणजे माझ्या आताच्या मालकिणीच्या, आईसाठी घडवलं. भट्टीतली ती धग अजून आठवली तरी अंगावर काटा येतो. सुगंधा लहान होती तेव्हा तिची आई तिला एकच गोष्ट परत परत बजावायची. "काम झाला की आडाळो आडवो घालूचो आणि मगेच उठूचा." उभा ठेवलेला आडाळा वैऱ्याचाच नव्हे, घरच्यांचाही पाय कापतो. आमच्याकडे ही शिस्त भाकरी थापण्याआधी शिकवतात.

सुगंधा लग्न होऊन सासरी आली तेव्हा मीही तिच्यासोबत आलो. काय सांगू त्या दिवसांबद्दल! सोलकढीसाठी नारळ खवायचा तर मी, बांगडा चिरायचा तर मी, फणस फोडायचा तरी मीच. तिच्या हाताला अशी चव होती की शेजारीण वाटी घेऊन आली तर आमटी घेऊनच परत जायची. पुढे नवरा गेला आणि घर तिच्यावर आलं. घरात दाजी, म्हणजे तिचे म्हातारे सासरे, आणि ती. मग तिने समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकाचं काम धरलं. पहिल्या दिवशी मला टॉवेलात गुंडाळून घेऊन गेली. तिथे चकचकीत सुऱ्या होत्या, पण ती म्हणाली, "माका माझो आडाळो होयो."

सुरुवातीची वर्षं फार छान गेली. रिसॉर्टच्या मालकीण किशोरीताई. त्या कणकवलीला राहायच्या आणि दर शनिवारी यायच्या. त्यांनीच दारात मोठी पाटी लावली, 'सुगंधाच्या हातचं मालवणी जेवण'. लोक जेवून हात धुताना किचनमध्ये डोकावायचे आणि म्हणायचे, "सुगंधाताई कोण?" ती लाजून माझ्याकडेच बघायची. मलाही बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू?

मग दीपेश मॅनेजर होऊन आला. माणूस मुळात वाईट नव्हता हो, पण त्याला सगळं झटपट हवं असायचं. नारळ वाटून केलेल्या वाटपाऐवजी पाकिटातली पावडर आली. बंदरावरच्या मासळीऐवजी फ्रीजरमधली आली, कधीची ते देव जाणे. मला त्याने ऑफिसबाहेरच्या ओसरीवर शोभेला मांडलं. रोज दुपारी सुगंधाने नऊवारी नेसून तिथे बसायचं, गेस्टसमोर नारळ खवायचा आणि गेस्टनी फोटो काढायचे. तो खवलेला नारळ कालवणात पडतच नव्हता! नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मला इतकी लाज वाटायची की माझे दात नारळात धड रुतेनासे झाले.

सुगंधाला मात्र वेगळीच काळजी पोखरत होती. पाटीवर नाव तिचं होतं. आमच्यासारख्या छोट्या मुलखात बाईच्या हाताचं नाव एकदा गेलं की ते परत मिळत नाही. उद्या दुसरीकडे काम मागायला गेली तर लोक आधी विचारणार, 'ते शिळं वाढणारी तूच ना?'

आणि नाव जायची ती वेळ आलीच. एका रविवारी सकाळी सुगंधाने सुरमई हातात घेऊन हुंगली आणि सांगितलं, "ही टाकून द्या." दीपेश म्हणाला, "तिरफळाचा मसाला वाढव, वास कोणाला कळत नाही." दुपारी एका कुटुंबाला कळलं. त्यांनी आरडाओरडा केला. दीपेशने काय करावं? सुगंधाला भरल्या हॉलमध्ये बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हिची चूक आहे. सुगंधा, माफी माग." तिने मान खाली घालून माफी मागितली. मी ओसरीवरून सगळं पाहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मित्रांनो, आता तुम्हाला आमच्या गावची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. गावातला एक जाणता माणूस पुढे होतो आणि गावाचं म्हणणं देवासमोर मांडतो. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" आमच्या गावात ते काम दाजींकडे आहे. सुगंधाने हे माहेरीही लहानपणापासून पाहिलेलं. एक जण बोलतो आणि बाकीचे साथ देतात, हे तिच्या अंगात मुरलेलं.

त्या संध्याकाळी किचनमध्ये तेच चाललं होतं, मला ओसरीवर ऐकू येत होतं. "ह्यो मॅनेजर आमका माणसा समजणा नाय," सुगंधा म्हणाली. "व्हय!" मासे साफ करणारी आल्बिना म्हणाली. "सडकी मासळी आमच्या गळ्यात बांधता." "व्हय!" भांडी घासणारा गणपत म्हणाला. सगळे कसे जोरात होते! सुगंधाला वाटलं, झालं, सगळं किचन आपल्या मागे आहे.

दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या गर्दीत तिने दीपेशला किचनमध्ये बोलावलं. मला तिने ओसरीवरून उचलून आत आणलं होतं आणि माझ्यावर बसून ती कांदा चिरत होती. ती बसल्या बसल्याच बोलू लागली. आवाज चढत गेला. शेवटी दीपेशला "तू माणूस नाय, जनावर" असंही म्हणून गेली. मग तिने मागे वळून पाहिलं आणि थांबली. आता सगळे "व्हय" म्हणणार होते ना!

पण आल्बिना माशाचे खवले काढत राहिली. गणपतने नळ मोठा सोडला. दीपेश हसला आणि म्हणाला, "झालं बोलून? बाहेर गेस्ट थांबलेत."

सुगंधा ताडकन उठली. "मी चललंय!" म्हणाली आणि पदर खोचून निघाली. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मला आडवं न घालता उठली. मी उभाच होतो, पातं वर. आल्बिना तिला अडवायला धावली आणि तिच्या पायाचा अंगठा माझ्या पात्याला लागला. रक्त आलं. मला बोलता येत असतं तर ओरडलो असतो.

सुगंधा वळली. रक्त बघून तिचा सगळा राग पाण्यासारखा ओसरला. तिने खाली बसून आल्बिनाच्या अंगठ्याला हळद लावली आणि आपल्या रुमालाने तो बांधला.

"अगो, राग तेच्यावर आणि पाय माझो कापलंस," आल्बिना कळवळत म्हणाली. मग हळूच म्हणाली, "माका बोलूक होया होता गो. पण प्लासिद घराक बसान आसा. माझा काम गेला तर आमी खातलव काय?" प्लासिद म्हणजे तिचा नवरा. तिचे डोळे भरून आले होते. सुगंधाने मला आडवं घातलं, तोंड धुतलं आणि त्या दिवसाचा स्वयंपाक पूर्ण केला.

संध्याकाळी मला काखेत घेऊन ती घरी आली. दाजी पडवीत बसले होते. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "गाऱ्हाणा घालताना मी देवाक गाळी घालतंय काय?"

"नाय."

"मी काय करतंय? काय घडला ता सांगतंय. काय होया ता मागतंय. मगे गप ऱ्हवतंय आणि कौलाची वाट बगतंय."

कौल म्हणजे देवाचं उत्तर. देवाला लावलेली कळी उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार.

"आणि कौल डावो इलो तर?" सुगंधाने विचारलं.

"तर पायऱ्यो उतरान घराक येवचा. कौल डावो इलो म्हणान कोण देवळाक धोंडे मारता?" दाजी पान जुळवत म्हणाले. "आणि आयक. देवळात 'व्हय म्हाराजा' म्हणणारे गावतत, कारण थंय तेंका कोण कामावरसून काढीत नाय. त्या गरिबांवर राग धरू नको. तुझा गाऱ्हाणा तूच घाल."

सुगंधा त्या रात्री शांत झोपली.

शनिवारी किशोरीताई आल्या. मी परत ओसरीवर होतो आणि ऑफिसचं दार उघडंच होतं. सुगंधाने त्यांचा चहा होऊ दिला. मग आत जाऊन ऑफिसातली मराठी बोलू लागली, "ताई, माझं एक गाऱ्हाणं आहे. दीपेशभाऊंना पण बोलवा. मला त्यांच्यामागे बोलायचं नाही."

दीपेश आला. सुगंधा म्हणाली, "आधी एक. मी भाऊंना वाईट शब्द बोलले, ते चुकलं. आता घडलं ते सांगते. रविवारी गेस्टना शिळी सुरमई वाढली. ती टाकून द्या असं मी सकाळी सांगितलं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे. पाटीवर माझं नाव पाहिजे असेल तर मासळी ताजी पाहिजे. तशी जमत नसेल तर माझं नाव पुसा."

आणि ती गप्प राहिली. दीपेश भांडणाच्या तयारीने आला होता, पण त्याला भांडायला काही सापडेना. त्याने चष्मा काढून पुसला. किशोरीताई म्हणाल्या, "बघते मी."

एक आठवडा गेला. बाजारात ओळखीच्या बायका खोदून खोदून विचारायच्या, "काय गो, थंय काय झाला?" सुगंधा म्हणायची, "बोलणा चालू आसा." बस, त्यापुढे एक अक्षर नाही. मला तिचा अभिमान वाटायचा. माझं तोंड धारदार आहे म्हणूनच ते कधी मिटवायचं हे मला कळतं.

पुढच्या शनिवारी कौल आला. डावा आला. "सुगंधा, सीझनमध्ये रोज ताजी मासळी नाही जमत गं," किशोरीताई म्हणाल्या. "जरा सांभाळून घे."

मला वाटलं, आता ही परत तापणार! पण ती शांतपणे म्हणाली, "बरं ताई. महिनाअखेरपर्यंत मी येईन. वाटप कसं करायचं ते आल्बिनाला दाखवून जाईन. पाटी तेवढी पुसून घ्या."

मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवसापासून तिचा हात हलका झाला. नारळ खवताना ती गुणगुणायची. नोकरी अजून तीच होती, मॅनेजर तोच होता. पण बाहेर पडायचं ठरलं आणि तेही ताठ मानेने, एवढ्यानेच तिला निम्मं मोकळं वाटलं. उरलेल्या दिवसांत तिने एकही काम अर्धवट सोडलं नाही.

शेवटच्या दिवशी तिने ओटा घासला, चाव्या दिल्या आणि ओसरीवर येऊन मला उचललं. तेवढ्यात दीपेश म्हणाला, "ती विळी राहू दे. डेकोरेशनची आहे, रिसॉर्टची वस्तू आहे."

माझं लोखंड थंड पडलं. इथे? या ओसरीवर? रोज खोटे फोटो काढून घेत? सुगंधाची बोटं पाटावर घट्ट आवळली गेली. मग तिने मला सावकाश खाली ठेवलं, आडवं. किशोरीताई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्याकडे वळून ती म्हणाली, "हा आडाळा माझ्या आईचा आहे. तो मी घरून आणला. तो मी घेऊन जाणार."

एवढं बोलून ती गप्प राहिली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आणि किचनच्या दारातून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

आल्बिना होती. अंगठ्याला अजून पट्टी. रविवारी न चुकता चर्चला जाणारी बाई ती, पण ही साथ आमच्या गावात कोणाला शिकवावी लागत नाही. तिच्यामागून हात पुसत गणपत आला. "व्हय म्हाराजा! तिच्या आवशीचोच आडाळो तो!" मग बागेतला माळी, मग चादरी धुणाऱ्या बायका. "व्हय म्हाराजा!" अख्खी ओसरी दणाणली. सुगंधाला रडू फुटलं, आणि हसूही.

दीपेश दोन पावलं मागे सरला. किशोरीताई हसल्या. "ने बाई, ने तुझा आडाळा," त्या म्हणाल्या आणि स्वतः टॉवेल आणून दिला.

एसटीत मी तिच्या मांडीवर होतो. खिडकीतून खारा वारा येत होता. सुगंधाने डोळे मिटून मान मागे टेकवली आणि सुटल्यासारखा एक लांब श्वास सोडला. "गावलंस बाबा, परत मेळलंस," ती मला म्हणाली.

आता आम्ही कुणकेश्वरला एका होमस्टेमध्ये कामाला आहोत. तिथल्या प्राजक्ताताईंनी सुगंधाला ठेवण्याआधी किशोरीताईंना फोन केला होता. रागाच्या भरात सुगंधा त्या दिवशी निघून गेली असती, तर किशोरीताई काय बोलल्या असत्या कोण जाणे. त्या म्हणाल्या, "हाताला चव आहे आणि तोंडाला लगाम आहे. डोळे झाकून ठेव." इथे नारळ खवला की तो खरंच कालवणात पडतो. माझे दात परत रुतायला लागले आहेत.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. मला चिंचेने घासा, कोरडं पुसा, गंज चढू देऊ नका. धार बोथट झाली तर लोहाराकडे न्या. तुम्हाला राग येईल, यायलाच हवा, कुठे काम सोडून उठावंही लागेल. जरूर उठा. पण तेव्हा आजूबाजूला कोणाकोणाचे पाय आहेत ते एकदा बघा.

आताच प्राजक्ताताईंनी हाक मारली आहे. ताजे बांगडे आलेत म्हणे. सुगंधाने "इलंय!" म्हणून ओ दिली, आधी मला आडवं घातलं आणि मग उठली.