खंडेनवमीला पुसला गेलेला सूर

मित्रांनो, तुमच्या हल्लीच्या कीबोर्डला बटण दाबताच शंभर वाद्यं आठवतात. मला त्यातलं एकही आठवत नाही. मी पडलो जुना अॅनालॉग सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य. दोन्ही बाजूंना लाकडी फळ्या, समोर फिरवायच्या नॉबच्या रांगा, ते जिथं ठेवाल तसाच माझा आवाज, आणि अंग तापल्याशिवाय सूर धरायचा नाही हा स्वभाव. एका वेळी एकच सूर काढतो. दोन पट्ट्या दाबा, मी हट्टानं एकच वाजवीन.

मुंबईच्या एका स्टुडिओत माझे ऐन उमेदीचे दिवस गेले. तिथं कौतुकही पुष्कळ झालं. पुढं नवी यंत्रं आली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. पंच्याण्णव साली पेठच्या गेणभाऊ बँडवाल्यांनी मला टेंपोत घालून गावी आणलं. "लई वजन हाय राव, पर वाजंल का ह्ये?" ज्यानं त्यानं हेच विचारलं.

मला वाजतं केलं चिमाजींनी. ते गावचे सनईवाले. दसऱ्याच्या पालखीपुढं सनई वाजवण्याचा मान त्यांच्या घराचा. पण दम्यानं छाती धरली, फुंकणं बंद झालं, आणि आता मान जाणार म्हणून त्यांना घास गोड लागेना. गेणभाऊंनी मला त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवलं. सारा पावसाळा चिमाजी माझ्याशी झटले. कुठला नॉब किती वळवला की माझा सूर सनईसारखा नाकातून येतो, ते त्यांनीच शोधलं. डावीकडचं चाक हळूच फिरवून ते एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींडही घेऊ लागले. त्या वर्षी पालखीपुढं बँडच्या गाडीवर, जनरेटरच्या विजेवर मी वाजलो. मला तर तेव्हाच खरा जन्म झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षीची खंडेनवमी, म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस, आली. या दिवशी आमच्याकडं कामाची हत्यारं नि वाद्यं स्वच्छ करून पुजतात. चिमाजींची सून इंद्रायणी मोठी टापटिपीची. तिनं मला पुसून लख्ख केलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. नॉब मात्र तिला वेडेवाकडे दिसले. तिनं एकूण एक सरळ करून टाकला.

संध्याकाळी चिमाजींनी पट्टी दाबली आणि मी भलत्याच आवाजात भोकाड पसरलं.

"सूनबाई, बटणं कुणी फिरवली?"

"मीच, मामंजी. वाकडीतिकडी व्हती. पूजेत बरं दिसंना."

चिमाजींनी पट्टीवरचं बोट उचललं. "आता न्हाई गावायचा त्यो सूर. उद्या पालखी हाय गं."

इंद्रायणीचा चेहरा उतरला. पण ती रडत बसली नाही. पदर खोचून माझ्यासमोर बसली. "तुमी फिरवा, मी ऐकते."

चिमाजी एकेक नॉब फिरवू लागले.

"ह्यो तर एस्टीचा हॉर्न झाला, मामंजी."

चिमाजींना हसू फुटलं, खोकलाही आला. पुन्हा फिरवलं.

"आता सनई झाली. पर तुमची न्हाई."

"म्हंजी?"

"मी लगीन हून आले तवा तुमी वेशीत वाजवत व्हता. सुराच्या आधी तुमची फुक ऐकू यायची. ती कुटं हाय ह्यात?"

चिमाजींची नजर माझ्या नॉबांवरून फिरली. माझ्याकडं एक नॉब आहे, त्यानं नुसता वाऱ्यासारखा आवाज येतो. निरुपयोगी म्हणून तो त्यांनी कायम बंद ठेवला होता. आता तो त्यांनी जरासा उघडला आणि पट्टी दाबली. आधी फुंकर आली, मग सूर.

"हीच," इंद्रायणी म्हणाली.

चिमाजींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. आदल्या वर्षी मी सनई वाजवली होती. त्या दसऱ्याला चिमाजींची सनई वाजवली.

आज चिमाजी नाहीत. बँडमध्ये नवा कीबोर्ड आला आहे. मी त्याच ओसरीवर असतो. मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं वाद्य असेल तर ते भंगारात घालू नका. धूळ पुसा, अधूनमधून वाजवा. आणि ते वाजवणारं माणूस अजून घरात असेल, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा.