मिटलेली फट

सुतारीण म्हणून तिला सगळी गल्ली ओळखायची. नवऱ्यापेक्षा तिचा हात साफ आहे हेही गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त नवऱ्याला. दुसऱ्या शहरातल्या हॉटेलचं फर्निचर करायला तो निघाला तेव्हा सांगून गेला, "पंधरा दिवसांत येतो. मी येईपर्यंत कुठे हलू नकोस." त्याला अकरा आठवडे झाले. आधी रोज फोन, मग दिवसाआड, आणि गेला महिनाभर तर फोन बंदच. इकडे तिला आठवा महिना लागला होता.

तिची थोरली बहीण, ताई, रोज फोनवर विनवायची, माझ्याकडे ये म्हणून. "अगं, एकटीला कळा लागल्या म्हणजे काय करशील? मागच्या खेपेचं विसरलीस?" मागच्या खेपेला हॉस्पिटल गाठायला उशीर झाला होता आणि मूल हाती लागलं नव्हतं. तरी हिचं आपलं एकच पालुपद, "ते आले आणि घरात कुणी नसलं तर?" लाकडाची नस न् नस ओळखणाऱ्या बाईनं स्वतःच्या बाबतीत असं ठोंब्यासारखं वागावं, याला काय म्हणायचं?

त्या दुपारी ती एका बैठ्या टेबलासाठी आणलेला बुंध्याचा तुकडा सोलत होती. साल निघाली आणि खाली वीतभर उंचीचा उभा वण दिसला, मधोमध बारीक शिवण. झाडाची जखम भरून आली की असा वण राहतो, त्यात नवल नाही. तिनं पटाशीच्या मुठीनं ठोकून पाहिलं. बाकीचा बुंधा भरीव वाजत होता, तिथे मात्र आवाज पोकळ आला. आणि आत काहीतरी घरंगळलं.

तिच्या पोटातलं बाळ एकदम गप्प झालं. जरा वेळानं धीर करून तिनं शिवणीवर पटाशी लावली. चार ठोक्यांत ढलपी निघाली आणि आतली कोंदट हवा तोंडावर आली.

आत घागरीएवढी पोकळी होती. तळाशी वाळक्या पिसांची गादी, तिच्यावर मोठ्या पक्ष्याचा सांगाडा. भलीथोरली चोच शिवणीकडे वळलेली. हाडांपाशी दोन अंडी, न फुटलेली.

लाकूड वखारवाल्या काकांकडचं, म्हणून तिनं त्यांनाच बोलावलं. काकांनी वाकून पाहिलं, चोचीवरून बोट फिरवलं.

"धनेशाची मादी," ते म्हणाले. "अंडी घालायची वेळ आली की ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. नर बाहेरून भरवतो."

"मग हिचा नर?"

"मारला असेल कुणी. नाहीतर..." काकांना तिच्या घरची हकीकत माहीत होती. "पुढे झाड वाढत गेलं, फट मिटली."

"दार कोण लिंपतं म्हणालात?"

"तीच गं पोरी. आतून."

काका गेल्यावर तिनं आत टॉर्च धरला. शिवणीभोवती आतल्या बाजूनं लाकडावर चोचीचे टोचे होते. एकदोन नव्हेत, शेकडो. काही बोटाचं पेर जाईल एवढे खोल, काही उथळ, आणि खाली खाली तर नुसते ओरखडे. तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. लाकूड कोमट लागलं.

तिनं ताईला फोन लावला. "ताई, मी येते. आत्ताच निघते." ताई पलीकडे रडायलाच लागली.

पिशवीत कपडे कोंबून होतायत तोवर फोन वाजला. नंबर अनोळखी, आवाज नवऱ्याचा.

"अगं, फोन हरवला होता. काम लांबलंय, अजून पंधरा दिवस धर. कुठे गेली नाहीस ना? घरीच आहेस ना?"

ह्याच आवाजासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. तिला भरून आलं. ती अजून उंबऱ्याच्या आतच उभी होती.

"घरी नाही," ती म्हणाली आणि पिशवी उचलली.