परातीतलं कासव

रिठद गावात साधनाच्या हाताची ख्याती होती. तिच्या हातचं लोणचं दोन-दोन वर्षं बुरसत नसे आणि कुणाच्या दारात कढीपत्ता जगेना झाला की रोप लावायला तिलाच बोलावत. चौदा वर्षं थोरली सून म्हणून राबून तिनं कमावलेलं हे एवढं एकच नाव होतं, आणि गळ्यातल्या पोतीपेक्षा ते तिला जास्त जपावंसं वाटायचं.

मागच्या दिवाळीत धाकटा दीर ऋषिकेश अकोल्याहून दोन पाणकासवं घेऊन आला. घरात कासव असलं की बरकत येते, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. एकाच अंगणात दोन चुली, एक त्याची, एक थोरल्या भावाची. जावांमध्ये कुरबुर नको म्हणून शहाण्यानं दोन्ही अगदी सारखी निवडली होती: बिस्किटाएवढी, हिरवी, डोळ्यामागे लाल पट्टा. एवढ्यानं कुरबुर टळली असती तर काय हवं होतं.

साधनानं आपल्या कासवाचा थाट केला. देवळात कासव देवापुढं असतं, मग घरातही त्याची जागा देवापुढंच, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. देवघरात पितळी परात ठेवली, तीत चार बोटं पाणी. रोज आंघोळीनंतर कासवाच्या पाठीला खोबरेल चोळायचं, हळदकुंकू वाहायचं, मुरमुरे नाहीतर दूधपोळीचा काला घालायचा. गल्लीतल्या बायका दर्शनाला यायच्या.

धाकटी जाऊ संस्कृती या घरात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. तिनं बैलांचा पडून राहिलेला सिमेंटचा हौद घासला आणि अंगणात उन्हाच्या बाजूला सरकवला. कासवाला पोहता येईल इतकं पाणी, चढून बसायला एक उतरता दगड, अर्ध्या हौदावर सावलीला गोणपाट. रिसोडच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारून आली आणि त्याला गांडुळं, वाळलेली बारीक मासळी, शेवग्याचा पाला चारू लागली. दर दोन दिवसांनी पाणी बदलायची.

"देवाच्या जीवाले गांडूळ चारून राह्यली," साधनानं सासूजवळ नाक मुरडलं.

"तिचं तिले माहीत," रंगूबाई म्हणाल्या, पण चार दिवसांनी आपला पाट उचलून त्या हौदापाशी जाऊन बसल्या. ते कासव दगडावर चढायचं, मान लांब करायचं, मागचे पाय ताणून उन्हात पडून राहायचं. रंगूबाई ते बघत बसायच्या. एरवी सकाळी त्या साधनाच्या स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायच्या. आता भाजीही अंगणात गेली.

"लहानीचं कासव मोठं गुणाचं हाय," एके दिवशी त्या म्हणाल्या. साधनाच्या हातातली पोळी तव्यावर करपली.

पौष लागला तसं परातीतल्या कासवानं खाणं सोडलं. त्याचे डोळे सुजून मिटले आणि पाठीची कड बोटानं दाबली तर दबायला लागली. साधना घाबरली. हे मेलं तर गावभर होईल, की साधनाच्या हातात देवाचा जीव गेला. विचारायचं कुणाला? जिला माहीत होतं तिला विचारण्यापेक्षा तिनं जीभ चावून घेतली असती.

मग तिला सुचलं की ऋषिकेशनं धडधाकट कासव आपल्या बायकोला दिलं आणि रोगट आपल्याला. दोन दिवस हे मनात घोळवल्यावर तिला ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं खरं वाटू लागलं. तेव्हा संस्कृती रिसोडला गेलेली आणि सासू जेवून आडवी झालेली बघून तिनं कासवाच्या पाठीवरचं कुंकू पुसलं, ते पदराखाली घेतलं आणि हौदातल्याशी बदललं. चोरी केली असं तिला वाटलंच नाही. आपलं आपण परत आणलं, असं वाटलं.

संध्याकाळी संस्कृती हौदाशी उकिडवी बसली, ती बराच वेळ उठली नाही.

"ताई, दुपारी कोणी आलं होतं काय अंगणात?"

"नाई. काहून?"

"काई नाई."

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरकडून डोळ्यांत घालायचे थेंब आणले. सकाळ-संध्याकाळ कासव मांडीवर घेऊन बसायची. साधना खिडकीतून बघायची. ते मरावं, आणि मरायचं तर संस्कृतीच्याच हातात मरावं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. तसं वाटल्याची लाज वाटायची, आणि तरीही वाटायचंच.

महिन्याभरात हौदातल्या कासवानं डोळे उघडले. एका सकाळी ते दगडावर चढून उन्हात पाय ताणून पडलं आणि रंगूबाईंनी पाट पुढं ओढला. इकडं परातीतलं, ते टणक, तुकतुकीत, खादाड कासव, तीन दिवस काल्याला तोंड लावत नव्हतं. साधनानं तेल वाढवलं होतं, दूध वाढवलं होतं. चौथ्या दिवशी त्याचे डोळे सुजले. ती परातीसमोर बसून राहिली. कासव तर तेच होतं, जे तिनं दिवाळीपासून हेव्यानं न्याहाळलं होतं. फक्त हात तिचे होते. हे कळलं तेव्हा तिला आधी रडू आलं नाही, संस्कृतीचाच राग आला.

तेवढ्यात संस्कृती ओल्या फडक्यात कासव घेऊन देवघरात आली.

"ताई, तुमचं बरं झालं. घ्या. मायं मले द्या."

साधनानं मान वर केली. "तुले कवापासून माहीत हाय?"

"त्याच दिवसापासून. हौदातल्या पाण्यावर खोबरेलाचा तवंग आला होता."

"मंग बोलली काहून नाई?"

"बोलली असती तं तुमी हे वापस नेलं असतं, अन् हे वाचलं नसतं."

साधनानं परातीतलं उचलून तिला दिलं आणि आपलं घेतलं. त्याची पाठ टणक लागली. ते हातातून सुटायला धडपडत होतं. आता गप्प बसलं तर नाव शाबूत राहणार होतं, आणि पंधरा दिवसांत हेही पुन्हा डोळे मिटणार होतं.

"मले दाखव," ती म्हणाली. "कसं ठेवाचं ते."

"पाठीले काई लावू नका, ऊन लागलं पाह्यजे. दूध नका देऊ. आपल्या मोरीजवळचं जुनं टाकं हाय ना, ते उन्हात आणू. चढाले दगड मी देतो."

"दोघी आतमंदी काय करून राह्यल्या वं?" अंगणातून रंगूबाईंनी विचारलं.

"काई नाई आई, ताईच्या कासवाले मोठं घर करून राह्यलो," संस्कृती म्हणाली आणि आजारी कासव पदरात घेऊन टाकं ओढायला निघाली.

साधना तिच्या मागोमाग गेली. संस्कृती एक शब्द वाकडा बोलली असती, तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.