वरकुट्याचे सात ईमेल

मालतीने सातही पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात टाकले आणि चष्मा पुसून पुन्हा एकदा तपासले. मेल एकच, जाणार सात जणींना, पण एकीचा पत्ता दुसरीला दिसणार नव्हता. बारामतीच्या दूध संघात तक्रारींचं टेबल तिच्याकडे येऊन चारच महिने झाले होते. आधीच्या कारकुनाने असाच एक मेल सगळे पत्ते उघडे ठेवून धाडला आणि शेळगावातल्या दोन घरांचं बोलणं कायमचं तुटलं. तेव्हापासून मालती ताकसुद्धा फुंकून पीत होती.

प्रकरणही तसंच नाजूक होतं. वरकुट्याच्या संकलन केंद्रातलं मशीन दुधाचं फॅट मुद्दाम कमी दाखवतं आणि पैसे कापले जातात, अशी तक्रार गावातल्या सात बायकांनी केली होती. सगळ्यांनी वेगवेगळ्या पत्रांतून, एकमेकींना कळू न देता. केंद्र सर्जेरावांचं, आणि गावात दुसरं केंद्र नाही. उद्या त्यांनी ‘तुमचं दूध नको’ म्हटलं, तर दोन गाईंचं दूध ओतायचं कुठे? म्हणून प्रत्येकीची अट एकच होती, नाव फुटता कामा नये. मालतीने प्रत्येकीला फोनवर शब्द दिला होता.

उद्याच्या सुनावणीची वेळ लिहून तिने मेल पाठवला आणि चहा मागवला. मग सहज पत्त्यांवरून नजर फिरली आणि तिने कप खाली ठेवला.

जयवंता वरकुटे एकवीस. म्हाळसा वरकुटे बावीस. रतन वरकुटे एकोणतीस. सातही पत्ते एकाच साच्यातले: नाव, गाव, आकडा. सात घरांतल्या सात बायकांना एकच साचा कसा सुचावा?

तिने जयवंताबाईंना फोन लावला. मागे कॅनचा खणखणाट होता. संध्याकाळचं दूध घालायची वेळ.

“जयवंताबाई, तुमचा ईमेल कुणी काढून दिला?”

“अविराजनं. सर्जेरावांचा पुतण्या, केंद्रात बसतो त्यो. गाईच्या इम्याचा फॉर्म भरताना लागतो म्हनला. लई जनींचं त्यानंच काढल्यात.”

“मग मेल आला की बघतं कोण?”

“त्योच की. केंद्राच्या फोनवर येत्यात. काय आसलं तर सांगतो आमास्नी. का वो ताई?”

मालतीने सात जणींना एकमेकींपासून जपून लपवलं, आणि ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हातात सातही मेल नेऊन दिले. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

“तुम्ही आधी घरी जा,” ती म्हणाली. “आत्ताच्या आत्ता.”

पण तोवर फोनमधून एक जाड आवाज ऐकू आला. “थांबा समदी. बारामतीस्नं मेल आल्यात. आपल्या केंद्राची तक्रार केलीया म्हनं. कुणी केली, ती नावं वाचतो. गावाला बी कळू द्या.”

कॅनचा आवाज थांबला.

“जयवंता.”

“ताई,” फोनवर कुजबुज आली, “तुमी शब्द दिला व्हता.”

मालतीने फोन कानाशी घट्ट धरला.

“म्हाळसा. रतन. झुंबर.” सर्जेराव सावकाश वाचत होते, प्रत्येक नावापाशी थांबत होते. मालती बोटांवर मोजत होती. सातवं नाव झालं.

“ह्या सात जनींचं दूध आजपास्नं बंद.”

मग जयवंताबाईंचा आवाज, पण फोनमध्ये नव्हे, बाजूला वळलेला. “म्हाळसा, तू बी?”

“मला वाटलं मी एकलीच हाय,” कुणीतरी म्हणालं.

“मला बी तसंच वाटलं.”

“रतन, हिकडं ये. माझ्यापाशी हुबी ऱ्हा.”

सर्जेराव काहीतरी ओरडले, पण बायकांचे आवाज आता एका जागी गोळा होत होते.

“आजचं दूध तर घ्यावंच लागंल, संघाच्या ताई फोनवर ऐकत्यात,” जयवंताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. “साती जनींचं लावा मशीनला, आमच्या डोळ्यांसमोर. आन त्याच दुधाच्या बाटल्या घिऊन आमी उद्या बारामतीला जानार. तितल्या मशीनवर काय निघतंय, बघू.”

मशीन सुरू झाल्याचा आवाज आला आणि त्या फोनवर आल्या.

“ताई, फोन ठिवू नगा. हितलं आकडं सांगते, लिवून घ्या. आता नाव लपवायचं काम न्हाय.”

मालतीने पेन उघडलं. “सांगा,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज जयवंताबाईंपेक्षा जास्त कापत होता.